देव्हाऱ्यातला मिनँडर

वार शनिवार. वेळ दुपारी तीन वाजून एक मिनिट. ठिकाण बाड हॉम्बुर्ग, गावातल्या एका जुन्या इमारतीतली पहिल्या मजल्यावरची खोली. मी दार उघडलं आणि आत बसलेल्या नऊ जर्मन माणसांनी माझ्याकडे बघायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

तेहतीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांच्या पत्रकार परिषदा दोन-दोन तास उशिरा सुरू होताना पाहिल्या आणि दर वेळी भांडलो. एका मिनिटासाठी चोरासारखं वाटायची ही पहिलीच वेळ!

निवृत्तीनंतर मी आणि बायको इथं लेकीकडे राहायला आलो, तेव्हा वाटलं होतं की आता आपले किस्से संपले. पण किस्से कोणी मुद्दाम जमवत नसतं. ते खिशातल्या बसच्या तिकिटांसारखे साठतात आणि एक दिवस पँट धुवायला टाकताना मुठीएवढा गोळा हाताला लागतो. हा गोळा आमच्या नाण्यांच्या मंडळाचा.

मंडळ म्हणजे इथल्या भाषेत फेराइन. जर्मनीत चार माणसांना एकच गोष्ट आवडली की ती फेराइन काढतात, नियमावली छापतात आणि मग ती आवडती गोष्ट नियमानुसार करतात. आमच्या फेराइनची आवड म्हणजे सिकंदर आणि त्याच्यानंतरचे ग्रीक राजे यांची चांदीची नाणी. अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, केसलर, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवून निवृत्त झालेले. मला तिथं नेलं देवधरनं. देवधर वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तासभर गाडी हाणत येतो आणि कधीही उशीर करत नाही. पुण्यात हाच माणूस स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा आला होता!

पहिल्याच दिवशी केसलरनी माझ्याकडे एक नाणं दिलं. मी उभा होतो. तीर्थ घेतात तसा तळवा पुढे केला.

सगळ्या माना माझ्या तळव्याकडे वळल्या.

‘‘बसा,’’ केसलर म्हणाले. ‘‘नाणं कडेनं धरायचं. खाली मखमलीचा ट्रे हवा. पडलं तर?’’

माझ्यातला बातमीदार जागा झाला. ‘‘बावीसशे वर्षांत हे कितीदा तरी पडलं असेल की!’’

‘‘नक्कीच,’’ ते म्हणाले. ‘‘पण आमच्याकडे नाही.’’

मी बसलो.

* * *

देवधरच्या व्हॉट्सॲपवर दोन वर्षं एकच फोटो होता. त्यानं घेतलेलं पहिलं नाणं, त्यावर सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला एक देखणा तरुण. खाली लिहिलेलं, ‘सिकंदर आणि मी’.

एका शनिवारी त्यानं तो फोटो कौतुकानं केसलरना दाखवला.

केसलरनी चष्मा वर केला. ‘‘हा हेराक्लीस आहे.’’

‘‘मग सिकंदर?’’

‘‘मागच्या बाजूला.’’

देवधरनं घाईघाईनं नाणं उलटं केलं. मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस, हातावर गरुड. ‘‘कुठंय?’’

‘‘अक्षरांत. त्याचं फक्त नाव आहे. आल्झो, म्हणजे असं बघा, हे नाणं पाडलं तेव्हा तर तो मरून शंभर वर्षं झाली होती.’’

मला राहवेना. ‘‘म्हणजे माणूस जाऊन शतक लोटलं तरी कारभार त्याच्याच नावावर! हेर केसलर, आमच्या जिल्ह्यातल्या पतसंस्थांनी ही पद्धत तुमच्या ग्रीकांकडूनच घेतलेली दिसते.’’

केसलरनी वही काढली, ‘पतसंस्था’ हा शब्द उच्चारासकट लिहून घेतला आणि पुढच्या बैठकीला त्यावर तीन प्रश्न विचारले.

देवधरनं फोटो बदलला. आता तिथं त्याच्या गाडीचा फोटो आहे.

* * *

त्याच देवधरनं नंतर ऑनलाइन एक मोठं नाणं घेतलं. आलं तर राजाच्या गालावर छिन्नीचा खोल घाव!

‘‘डिफेक्टिव्ह पीस पाठवलाय,’’ तो तावातावानं म्हणाला. ‘‘मी रिटर्न टाकतोय.’’

केसलरनी समजावून सांगितलं की हा घाव त्या काळातल्या सराफाचा. आत तांबं तर नाही ना, हे बघायला सराफ असा छेद द्यायचे. आत चांदीच निघाली, म्हणून नाणं पुढे चाललं.

‘‘म्हणजे तक्रार करता येणार नाही?’’

‘‘येईल की. पण ती सराफाकडे करायची.’’

* * *

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या वसंतात केसलरनी एका व्यापाऱ्याकडून मिनँडरचा द्राख्म घेतला. मिनँडर म्हणजे आपला मिलिंद राजा, वायव्येकडे राज्य करून गेलेला ग्रीक. नाणं शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं. एका बाजूला राजा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ढाल घेतलेली अथेना देवी आणि भोवती भारतीय लिपी.

केसलरनी ट्रे आमच्यापुढे सरकवला. ‘‘आज पहिल्यांदाच तुमची भाषा आमच्या टेबलावर आली आहे. कृपया वाचा.’’

नऊ जर्मन माणसं पेन उघडून बसली.

मी पाहिलं. देवधरनं पाहिलं. दोघांच्या मिळून चार पदव्या. देवधरनं ट्रे एकदा उलटा फिरवला, एकदा सुलटा.

‘‘बहुतेक तमिळ असावं,’’ तो शेवटी म्हणाला.

‘‘उजवीकडून डावीकडे वाचा,’’ मागून आवाज आला. त्या दिवशी पहिल्यांदाच आलेली एक मुलगी उठून पुढे आली, बसली, नाणं नीट कडेनं धरलं आणि वाचलं, ‘‘महाराजस त्रातारस मेनंद्रस. खरोष्ठी आहे ही. रक्षण करणाऱ्या मिनँडर महाराजांचं.’’

‘महाराजस’ ऐकून माझी छाती अर्धा इंच फुगली. काहीही न वाचता!

ही केतकी. साताऱ्याची, रेगेन्सबर्गला पीएचडी करते. मिनँडरच्या नाण्यांत चांदी किती, शिसं किती, हे ती क्ष-किरणांनी मोजते. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी तिला आठ नाणी हवी होती. सात मिळाली होती. तिचं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं, आणि तिच्या प्राध्यापिकाबाईंचा एक नियम होता. आठपेक्षा कमी नाण्यांवर निष्कर्ष काढायचा नाही आणि कागदपत्रं स्वच्छ नसलेल्या नाण्याला हात लावायचा नाही.

केसलर म्हणाले, ‘‘गेनाऊ, अगदी बरोबर. आठवं माझं घ्या.’’

* * *

कागदपत्रांवरून माझं आणि केसलरचं पहिलं खरं भांडण झालं.

त्या नाण्याबरोबर व्यापाऱ्याचा एक कागद होता. त्यावर लिहिलेलं, ‘दक्षिण जर्मनीतील जुन्या संग्रहातून’. बस्स. खाली शिक्का.

‘‘कोणाचा संग्रह?’’ मी विचारलं.

‘‘नाव देत नाहीत.’’

‘‘का?’’

‘‘डाटनशुट्झ.’’ म्हणजे माहितीची गोपनीयता. या देशात डाटनशुट्झ म्हटलं की पुढचा प्रश्न असभ्य ठरतो.

मी असभ्य आहे. म्हटलं, ‘‘हेर केसलर, आमच्याकडे पोरं बातमीत ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ असं लिहून आणायची. मी विचारायचो, सूत्राला आईबाप आहेत का? ते सांगता आलं नाही तर बातमी कचऱ्यात. तुमच्या संग्रहाला आईबाप आहेत का?’’

केसलर लाल झाले. ‘‘या माणसाकडून मी एकोणीस वर्षं नाणी घेतोय!’’

‘‘एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही?’’

त्या दिवशी त्यांनी मला कॉफी विचारली नाही. देवधर परतीच्या वाटेवर म्हणाला, ‘‘काका, तुम्ही रिटायर झालाय हे कोणीतरी तुम्हाला लेखी कळवायला पाहिजे.’’

* * *

दिवाळीच्या आधीच्या बैठकीला केतकीला प्रयोगशाळेत मशीनची वेळ मिळाली होती, त्यामुळे ती आली नाही. नाणं न्यायला ती पुढच्या रविवारी आमच्या घरी येणार होती. फेराइनच्या नियमाप्रमाणे नाणं खोलीबाहेर जात नाही. केसलरनी तो नियम मोडला. भांडण विसरून त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि दोन प्रतींत कागदावर माझी सही घेतली, ‘नाणे घरातील सर्वांत सुरक्षित जागी ठेवीन’.

घरातली सर्वांत सुरक्षित जागा कुठली? कपाटाला कुलूप नाही, लेकीच्या टेबलाचे खण कायम उघडे. मराठी माणसाला याचं उत्तर विचारावं लागत नाही. मी हात धुतले आणि नाणं कागदाच्या पुडीतून काढून देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे, चांदीच्या वाटीत ठेवलं. तिथं कोणी हात लावत नाही.

एक माणूस सोडून! आणि तेसुद्धा वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी.

मी फिरून आलो तेव्हा स्वयंपाकघरात स्वच्छ पंचा अंथरलेला होता. त्यावर बाळकृष्ण, अन्नपूर्णा, निरांजन, लेकीच्या लग्नातली चांदीची नाणी आणि त्यांच्या रांगेत मिनँडर. लखलखीत! बावीसशे वर्षांची काळपट साय एका दुपारीत गेलेली.

‘‘अगं, हे काय केलंस?’’

‘‘काय केलं? देव घासले.’’

‘‘हे नाणं देवांतलं नाही!’’

‘‘अहो, मग देव्हाऱ्यात कोणी ठेवलं?’’

मी देव्हाऱ्यातल्या रिकाम्या वाटीत डोकावलो.

‘‘आणि एवढं काळं नाणं लक्ष्मीपुढं ठेवतात का? आधी गरम पाण्यात सोडा घालून भिजवलं, मग दंतमंजन लावून जुन्या ब्रशनं घासलं. जवळजवळ अर्धा तास. मागची देवी कोण आहे हो? हातात ढाल आहे म्हणजे भवानीच असणार. मी कुंकू लावलंय.’’

मी खुर्चीत बसलो. डोळ्यांपुढे दोन प्रतींतली माझी सही आली, केसलर आले आणि मार्चमध्ये संपणारं केतकीचं कंत्राट आलं.

तेवढ्यात बायकोनं नाणं खिडकीपाशी धरलं. ‘‘अहो, त्या काळात ग्रीकांना आपले आकडे येत होते का?’’

‘‘कसले आपले आकडे?’’

‘‘हे काय. एकेचाळीस.’’

ढालीच्या खाली, मोहरीएवढ्या आकारात, टोकदार हत्यारानं कोरलेलं होतं. चार आणि एक. देवनागरीत.

* * *

रविवारी केतकी आली. आम्ही तिच्यापुढे नाणं ठेवलं आणि दोघंही उभे राहिलो, परीक्षेचा निकाल हातात देणाऱ्या पोरांसारखे.

तिनं नाणं कडेनं धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग वही काढली. ‘‘काकू, कशाकशानं घासलंत? क्रमानं सांगा.’’

‘‘सोडा, दंतमंजन, मग पंचामृत आणि साधं पाणी.’’

तिनं ते सगळं लिहून घेतलं. ‘‘पंचामृतात केळं होतं?’’

‘‘छे, केळं कसं घालीन?’’

‘‘बरं,’’ केतकी म्हणाली आणि ‘केळं नाही’ असंही लिहिलं.

मग तिनं बॅगेतून भिंग काढलं. आकड्याच्या एका कोपऱ्यात अजून काळं काहीतरी अडकलेलं होतं. तिनं ते सुईच्या टोकावर घेतलं, दाबलं, वास घेतला.

‘‘मेण आहे, काका. कोणीतरी आकडा मेणानं बुजवलाय आणि वरून काळा रंग दिलाय. गरम पाण्यानं ते सुटलं.’’

‘‘दक्षिण जर्मनीतील जुन्या संग्रहातून!’’ मी म्हटलं. हा वाद आपण जिंकलो याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. समोर ती पोरगी आठवं नाणं हातात धरून बसली होती.

देवधरला फोन लावला. तो प्रॅक्टिकल माणूस. ‘‘केतकी, तू मोजून टाक. आकड्यात परत मेण भर. माझ्याकडे वाढदिवसाच्या मेणबत्त्या आहेत. कोणाला कळणार आहे?’’

‘‘मला,’’ केतकी म्हणाली.

‘‘अगं, तुझं कंत्राट संपतंय!’’

‘‘माहितेय, देवधर. पण हा नोंदीचा आकडा असला आणि हे नाणं भारतातल्या एखाद्या संग्रहालयाच्या कपाटातून उचलून आणलेलं असलं तर? त्याच्यावर मी माझं नाव टाकू?’’

बायको आतून चहा घेऊन आली. ‘‘एकेचाळीस म्हणजे आधीची चाळीस असणार ना?’’ ती म्हणाली. ‘‘ती कुठं आहेत?’’

तेहतीस वर्षांच्या बातमीदाराला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता.

केतकीनं त्याच संध्याकाळी प्राध्यापिकाबाईंना सगळं कळवलं, फोटोंसकट. बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. नाणं कुठून आलं हे लेखी कळत नाही, तोवर ते मोजायचं नाही.

* * *

केसलरना सांगायला आम्ही तिघं गेलो, मी, केतकी आणि बायको. बायको म्हणाली, घासलं मी, तर सांगणार मी. तिनं जर्मनची दोन वाक्यं लेकीकडून पाठ करून घेतली होती. खोलीत शिरल्यावर तिनं ती म्हटली. ‘‘मी तुमचं नाणं धुतलं. माझा हेतू धार्मिक होता.’’

केसलरनी नाणं ट्रेमध्ये घेतलं, दिव्याखाली धरलं. मला वाटलं, आता फेराइनमधून आमची हकालपट्टी.

त्यांनी भिंगातून आकडा पाहिला. मी तो वाचून दाखवला. केतकीनं मेणाचं सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

‘‘मॅडम,’’ ते बायकोला म्हणाले, ‘‘मी हे नाणं सहा महिने रोज पाहत होतो. तुम्ही एकदाच पाहिलंत.’’

मग माझ्याकडे वळले. ‘‘कॉफी घेणार?’’

* * *

त्यानंतर काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे वाट बघायला नको. केसलरनी व्यापाऱ्याला तीन पत्रं पाठवली, तिन्हींची पोच आहे. मी भारतातल्या दोन संग्रहालयांना आणि माझ्या जुन्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याला लिहिलं. अधिकाऱ्यानं दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. देवधर, ज्यानं मेणबत्त्या देऊ केल्या होत्या, तो आता रात्रंदिवस जुने लिलावांचे कॅटलॉग चाळतोय. केतकीच्या तक्त्यात सात ओळी भरल्या आहेत, आठवी रिकामी आहे. मार्च जवळ येतोय. प्राध्यापिकाबाई मुदतवाढीसाठी भांडताहेत, पण हातात काही नाही. नाणं केसलरच्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे. ते त्यांना विकायचं नाही, परतही द्यायचं नाही.

आता व्यापाऱ्याला केलेला फोन.

केसलरनी तो त्याच दिवशी, कॉफी संपल्यावर, आमच्यासमोर लावला. स्पीकर चालू. वेळ दुपारी पावणेचार. हेतू एवढाच होता की जुन्या संग्रहाच्या मालकाचं नाव मिळालं तर केतकीचं प्रकरण वाचेल. केसलर म्हणाले होते, एकोणीस वर्षांची ओळख आहे, सौम्यपणे सुरुवात करतो.

पलीकडून आवाज आला, अगदी मोकळा आणि प्रेमळ. तब्येतीची चौकशी झाली, हवेची झाली.

‘‘एक अडचण झाली आहे,’’ केसलर म्हणाले. ‘‘वसंतात तुमच्याकडून मिनँडरचा द्राख्म घेतला होता ना? तो एका घरात चुकून धुतला गेला.’’

‘‘धुतला गेला?’’

‘‘हो. गरम पाण्यात.’’

पलीकडे शांतता. इतकी की केतकीला वाटलं, लाइन तुटली. तिनं पुढे वाकून फोनच्या स्क्रीनकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते.

मग तो माणूस हळू आवाजात म्हणाला, ‘‘कितवा आकडा आहे?’’

केसलरनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्यांच्याकडे.

‘‘कुठला आकडा?’’ केसलरनी विचारलं.

फोन बंद झाला.

आकड्याबद्दल तोवर आमच्यापैकी कोणीही त्या व्यापाऱ्याला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.